खदानीत स्कूबा शिकायचंय? आधी पाणी बघायला शिका

मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. म्हणून तालुक्याच्या बचाव पथकात नाव दिलं आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी गावाबाहेरच्या गिट्टीच्या जुन्या खदानीत स्कूबा (सिलिंडरच्या हवेवर पाण्याखाली राहणं) शिकवायचं ठरवलं, तेव्हा वाटलं, आपल्याला कसली भीती. पहिल्या बुडीत सहा मीटरवर तळ लागला आणि मी सरळ उभा राहिलो. विहिरीत पायरीवर उभं राहतो तसा.

खालून काळपट ढग उठला. आधी पाय दिसेनासे झाले, मग हात, मग मास्कला टेकवलेलं, सिलिंडरमधली हवा दाखवणारं प्रेशर गेजसुद्धा. डोळे टक्क उघडे आणि समोर नुसता चहा. वर कुठं, खाली कुठं, काही उमजेना. श्वास इतका जोरात चालला होता की स्वतःच्या बुडबुड्यांचाच आवाज कानात भरला. कुणीतरी दंड धरला तेव्हा कळलं, सर सगळा वेळ हातभर अंतरावर होते.

वर आल्यावर मी म्हटलं, "सर, पाणी लय गढूळ आहे."

"पाणी चांगलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही उभे राहिलात."

त्यानंतर दोन हिवाळे त्याच खदानीत गेले. आता नवीन मुलं येतात आणि पहिल्या दिवशी नेमकं तेच करतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहून काढलंय. आधीच सांगतो, हे वाचून कुणी एकटं पाण्यात उतरू नये. स्कूबा प्रमाणित प्रशिक्षकाकडूनच शिकायचं असतं. हा लेख त्याच्या आधीच्या आणि आजूबाजूच्या तयारीसाठी आहे.

१. खदानच का, आणि कोणती

मालवण-तारकर्ली आपल्या विदर्भातून हजारेक किलोमीटर. तिथं एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, समुद्र आहे, रंगीत मासे आहेत. जमलं तर जरूर जा. पण आपल्या भागात माणसं बुडतात ती तलावात, विहिरीत, खदानीत आणि पुराच्या पाण्यात. पोळ्याला बैल धुवायला नेतात तेव्हा, विसर्जनाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत. बचावाचं काम करायचं असेल तर ज्या पाण्यात काम पडणार तिथंच हात बसलेला बरा.

जुन्या खदानीत डायव्हिंग शिकवणं ही काही आपली गावठी कल्पना नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची खदान आहे. १९५८ साली तिथलं काम थांबलं, झऱ्याच्या पाण्यानं ती भरली आणि आज ती तिथली नावाजलेली डायव्हिंगची जागा आहे. खोदताना पडलेले टप्पे सुमारे सहा, वीस आणि पस्तीस मीटरवर आहेत, त्यामुळे शिकणाऱ्याला पायरीपायरीनं खोल नेता येतं. आपल्या गिट्टी खदानींना असे टप्पे क्वचितच असतात. बऱ्याचशा सरळ कापलेल्या, एका बाजूला ट्रक उतरायचा उतार आणि बाकी तीन बाजूंना उभी भिंत. हा उतार शाबूत असलेली खदानच निवडा. चढउतर तिथूनच होते आणि वेळ आली तर स्ट्रेचरही तिथूनच वर येतं.

दगड कोणता, यावरही पाणी कसं राहील ते ठरतं. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडे काळा बेसाल्ट. त्याची चुरी जाडसर, लवकर बसते. त्रास देते ती काठावरून वाहून आलेली काळी माती. वणी-कोरपन्याच्या पट्ट्यात चुनखडी आहे. चुनखडीच्या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, त्यामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. म्हणून अशा खदानींचं पाणी बरेचदा निळसर आणि निवळ दिसतं. समुद्राच्या खारेपणानंही हेच होतं.

कोळशाच्या बंद पडलेल्या खुल्या खाणीत मात्र उतरू नका. ढिगाऱ्याचे काठ ढासळतात, पाणी आम्लधर्मी असू शकतं, आणि तिथं प्रवेशालाही बंदी असते. "लय खोल हाय भाऊ, मजा येईन" असं सांगणारा एकतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका.

जागा पाहायला जाल तेव्हा गावातल्या ढिवर किंवा भोई बांधवांना सोबत घ्या. जाळं कुठं अडकतं, झरा कुठं आहे, कुठल्या कोपऱ्यात काय टाकलंय, हे त्यांना पाठ असतं. आमच्या खदानीच्या तळाशी विसर्जन केलेल्या मूर्तींचे लोखंडी सांगाडे, बांबूच्या कामट्या, साड्या आणि वायररोपचा एक तुकडा आहे. नवख्यासाठी यातली साडी सगळ्यात वाईट. ती गाळात दिसत नाही आणि पायात घालायच्या पंख्याला, म्हणजे फिनला, गुंडाळते.

२. परवानगी आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. सातबारा काढून खदान कुणाच्या नावावर आहे ते बघा: खासगी, सरकारी की गावठाणाची. गौण खनिजाचा पट्टा अजून चालू असेल तर पट्टेदाराचं लेखी संमतीपत्र लागेल, आणि सुरुंग बंद झाल्याची खात्रीही. मत्स्य संस्थेनं मासेमारीसाठी पाणी घेतलं असेल तर त्यांनाही विचारा. परवानगी मिळतेच आणि त्या दिवशी जाळीही काढून ठेवतात.

प्रत्येकाची फाईल अशी:

- आधारची प्रत आणि दोन फोटो
- प्रशिक्षण संस्थेची वैद्यकीय प्रश्नावली. एकाही प्रश्नाला "हो" असेल तर डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र
- अठराच्या आतील असल्यास आईवडिलांची लेखी संमती
- जागेच्या परवानगीची प्रत
- रक्तगट आणि घरच्या दोन जणांचे फोन, मोठ्या अक्षरात
- लॉगबुक (साधी वहीही चालते)

वैद्यकीय प्रश्नावलीत खोटं लिहू नका. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याचं जुनं दुखणं, हे सगळं त्यात विचारतात. पोलीस भरतीची सवय असलेली पोरं सगळीकडे "नाही"वर टिक मारून मोकळी होतात. इथं तपासणारा डॉक्टर नसतो, पाणी असतं.

आणि एक. सरपंच, पोलीस पाटील आणि ठाण्याला आदल्या दिवशी कळवा. आम्ही एकदा कळवलं नव्हतं. खाली चौघं सराव करत होतो, वर बुडबुडे बघून शेतातून घरी निघालेल्या बाया थांबल्या, मग गाड्या थांबल्या. वर आलो तर काठावर शंभरेक माणसं आणि एक आजी डोक्याला हात लावून बसलेल्या. "काहून रे बाप्पा, कोन बुडालं?" त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. नंतर त्यांनीच आम्हाला चहा पाजला, ती गोष्ट वेगळी.

३. मोसम: पाणी कधी निवळतं

काळ्या मातीचं कोडं असं. बारीक वाळूचा कण पाण्यात मिनिट-दीड मिनिटात मीटरभर खाली जातो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण तेवढंच अंतर जायला दोन-तीन दिवस घेतो. आपल्या कापसाच्या जमिनीतली माती त्याहूनही बारीक असते, शिवाय तिच्या कणांवर सारखाच विद्युतभार असल्यानं ते एकमेकांना दूर ढकलतात. दहा मीटर खोल खदानीचं पाणी निवळायला महिना का लागतो, त्याचं उत्तर यात आहे.

म्हणून आमचं वर्ष असं चालतं.

जून ते सप्टेंबर: नाव काढू नका. शेतातलं पाणी सरळ खदानीत येतं. हेच फवारणीचे दिवसही असतात. फवारणीचे पंप काठावर धुतात, औषधाच्या बाटल्या तरंगताना दिसतात. असं पाणी तोंडात जाणं बरं नव्हे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: वरून पाणी बरं दिसतं, खाली अजून दाट. गणपती आणि देवीच्या विसर्जनाचा ताजा माल तळाशी असतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी: हाच आपला मोसम. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. थंडी पडू लागली की वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं आणि तळाचं साचलेलं पाणी वर येतं. त्या काही दिवसांत सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो, मासे वर येऊन तोंड मारतात, पाणी बिघडल्यासारखं दिसतं. तळाच्या पाण्यात प्राणवायू उरलेला नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, त्याचा हा परिणाम. वास येत असेल त्या दिवशी नवख्यांना उतरवत नाही. आठ-पंधरा दिवसांत सगळं एकजीव होतं आणि मग वर्षातलं सगळ्यात चांगलं पाणी मिळतं.

मार्चपासून: ऊन तापलं की शेवाळ. शेतातून आलेला युरिया आणि भरपूर उजेड, आणखी काय पाहिजे त्याला? वरचे तीन-चार मीटर हिरवे, हौदासारखे कोमट. त्याखाली एकदम माठातल्यासारखं गार पाणी. हा बदल इतका अचानक होतो की हात खाली केला तर मनगटावर रेषा जाणवते. शेवाळ उजेडात वाढतं, त्यामुळे या रेषेखाली कधीकधी वरच्यापेक्षा स्पष्ट दिसतं, फक्त अंधार असतो. वरून हिरवं दिसलं म्हणून खालीही तसंच असेल, हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो.

दरवर्षी कुणीतरी सुचवतं, "तुरटी टाकू ना." आजी माठात फिरवायची तशी. मी एकदा हिशोब मांडला. एक एकर पसरलेली, आठ मीटर खोल खदान म्हणजे सव्वातीन कोटी लिटरच्या घरात पाणी. लिटरला तीस मिलिग्रॅम तुरटी धरली तरी जवळपास टनभर लागेल. आणि एवढं करून बसलेला गाळ कापसासारखा हलका असतो. पहिल्या फिनच्या फटक्यात परत वर.

४. थाळी: पाणी मोजायची पद्धत

"आज पाणी कसं आहे?" याला "मस्त" हे उत्तर नसतं. उत्तर मीटरमध्ये द्यायचं.

१८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञानं पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलवर दिसेनाशी होते ते मोजलं. आजही जगभर तलावांची पारदर्शकता याच पद्धतीनं मोजतात. आमची तबकडी म्हणजे बर्तनवाल्याकडून आणलेली वीस सेंटिमीटरची स्टीलची थाळी. चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवले, मधे भोक पाडून खाली जड नटबोल्ट लावला आणि दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या. खर्च म्हणाल तर रंगाचा डबाच महाग पडला.

सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधे, ऊन पाठीशी ठेवून, सावलीच्या बाजूनं थाळी सोडा. दिसेनाशी झाली की खोली टिपा. थोडी खाली सोडून परत वर ओढा. पुन्हा दिसू लागली की दुसरी खोली टिपा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाचा आकडा.

हा आकडा उभा आहे. पाण्याखाली समोर किती दिसतं ते वेगळं. ते मोजायला जोडीतला एक जण दोरीवर थांबतो, दुसरा रीलचा दोरा सोडत मागे जातो. चेहरा विरला की दोरा मोजायचा. आमच्या पथकाचा नियम असा: थाळीचा आकडा दीड मीटरपेक्षा कमी आला किंवा समोर हातभरच दिसत असेल तर नवख्यांचा सराव नाही. हा आमचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. तुमचे प्रशिक्षक यापेक्षा कडक असतील तर उत्तम.

५. सामान, आणि "ऑक्सिजन सिलिंडर"

पेपरात दर वेळी "ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले" असं छापून येतं. सिलिंडरमध्ये साधी हवा असते, दाबून भरलेली, गाळलेली आणि कोरडी केलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो. काठावर शुद्ध ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर हवाच, पण तो प्रथमोपचारासाठी.

हवा कुठून भरली ते विचारा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालणार नाही, त्याच्या हवेत तेलाची वाफ असते. आणि भरताना शेजारी डिझेल इंजिन चालू असेल तर धुराचा कार्बन मोनॉक्साइड सरळ सिलिंडरमध्ये जातो. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं केलेल्या तपासणीची) तारीख कोरलेली असते, ती वाचा. हे नियम ज्यांच्या हातात आहेत त्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, म्हणजे निदान या बाबतीत तरी "दूर आहे हो" म्हणायची सोय नाही.

सिलिंडर उन्हात ठेवू नका. ओलं पोतं टाका. तापलेला सिलिंडर पाण्यात गेला की गेजवर दहा-पंधरा बार (हवेचा दाब बारमध्ये मोजतात) उतरलेले दिसतात आणि नवखा घाबरतो, हवा गळतेय म्हणून.

बाकी मास्क, फिन्स, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचा तो), बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), वेटबेल्ट (शिशाचा पट्टा), खोली आणि वेळ मोजणारा डायव्हिंगचा कॉम्प्युटर हे सगळं प्रशिक्षक आणतात. स्वतःचा घ्यायचा तर आधी मास्क घ्या. चेहऱ्याला लावून, पट्टा न ओढता, नाकानं हलका श्वास आत घ्या; चिकटून राहिला तर तुमचा. मिशा दाट असतील तर तो गळतो. आमच्या एका गड्यानं मिशा काढल्या नाहीत, वरच्या ओठावर व्हॅसलिन लावून भागवलं. चाकूपेक्षा दोर कापायची छोटी कात्री बरी. साडी आणि नायलॉनच्या जाळ्याला तीच कामी येते.

६. वजन: गाळ उठतो तो इथून

शिकताना सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवला, आणि तुम्हीही घालवा.

जास्त वजन बांधलेला माणूस बुडू नये म्हणून बीसीडीत हवा भरतो. हवा वरच्या अंगाला, शिसं कमरेला. मग धड वर आणि पाय खाली लोंबतात. अशा अवस्थेत मारलेली प्रत्येक लाथ तळाकडे जाते. मागून येणाऱ्याला फक्त ढग दिसतो. म्हणजे दिसण्या-न दिसण्याचा निम्मा निकाल काठावर, बेल्ट बांधतानाच लागलेला असतो.

खदानीचं पाणी गोडं. समुद्राचं पाणी त्याहून साधारण अडीच टक्के जड, म्हणून समुद्रात माणूस जास्त तरंगतो आणि त्याला जास्त शिसं लागतं. सामानासकट तुमचं वजन शंभर किलो भरत असेल तर मालवणला जेवढं शिसं लावलं त्यातून अडीचेक किलो इथं कमी करा. मालवणचा आकडा लक्षात ठेवून तेवढंच बांधणारे हमखास दगडासारखे खाली जातात.

तपासायचं असं: सिलिंडरमध्ये पन्नासेक बार उरले असताना उथळ पाण्यात बीसीडी पूर्ण रिकामी करा, साधा श्वास घेऊन स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जाऊ लागलात तर वजन बरोबर. भरलेल्या सिलिंडरवर तपासाल तर फसाल, कारण आतल्या हवेलाही अडीच-तीन किलो वजन असतं आणि ती संपत आली की तुम्ही वर उचलले जाता.

आता एक गोष्ट जी किनाऱ्यावर शिकलेल्यांना कुणी सांगत नाही. किती खोलवर किती वेळ थांबायचं ते सांगणारे डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीपर्यंत धरलेले असतात. नागपूरच ३१० मीटरच्या आसपास आहे, अमरावती त्याहून वर, यवतमाळ साडेचारशेच्या घरात. चंद्रपूर आणि वर्धा तीनशेच्या खाली बसतात. म्हणजे पठारावरच्या खदानीत उतरताना कॉम्प्युटरची उंचीची सेटिंग तपासायलाच हवी. काही कॉम्प्युटर आपोआप जुळवून घेतात, काहींत हातानं बदलावी लागते. "इथं कुठं डोंगर आहे?" असं मीही विचारलं होतं.

७. उतरण्याआधीच्या तीन गोष्टी

सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला साधारण अशी अट असते: दोनशे मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. पॅडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्समध्ये चार बुड्या असतात आणि त्यानंतर मर्यादा अठरा मीटर. खदानीत शिकताना आम्ही दहाच्या खाली गेलो नाही. गेलो असतो तरी दिसणार काय होतं?

श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत बुडी मारणाऱ्याला हे सगळ्यात अवघड जातं, कारण लहानपणापासून अंगात उलटं मुरलेलं असतं. दहा मीटरवर छातीत घेतलेली हवा वर येताना दुप्पट होते. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

कान प्रत्येक मीटरला मोकळे करायचे, दुखायच्या आधी. नाक दाबून हलकेच फुंकायचं. मोकळे होत नसतील तर मीटरभर वर या. तरीही नाही झाले तर त्या दिवशी काठावर बसा. सर्दी असेल तर आलाच नाहीत तरी चालेल.

आणि सकाळी तर्री पोहे नकोत. वांती रेग्युलेटरमधून करता येते हे खरं, पण अनुभव घ्यायची गरज नाही.

८. पाण्याखाली गाळ न उठवता

आमच्या सरांनी पहिल्या दिवसानंतर लोखंडी पाइपचा एक चौकोन बनवून घेतला, चार कोपऱ्यांना वीस लिटरचे कॅन बांधले आणि तो चार मीटरवर लटकता ठेवला. मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालणं, जोडीदाराची हवा घेणं, सगळे सराव त्यावर. तळाशी कुणी टेकतच नाही. तुमच्या ठिकाणी असं काही नसेल तर करून घ्या. वेल्डिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उतरायला उभी दोरी हवी. रंगाच्या डब्यात काँक्रीट ओतून वजन केलं आणि वर कॅन बांधला. डबा तळावर ठेवू नका. अर्धा मीटर वर राहू द्या, नाहीतर दोरी हलली की डबा गाळ घुसळत बसतो.

पोहताना अंग आडवं, गुडघे वाकलेले, फिन्स पाठीच्या पातळीत. लाथ खाली मारायची नाही; बेडकासारखी बाजूला फाकवून मागे ढकलायची. हात छातीशी. तळापासून किमान मीटरभर अंतर. थांबायचं असेल तर श्वासावर थांबा: आत घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली. हे जमायला मला अकरा बुड्या लागल्या, माझ्या शेजारच्या मुलीला तीन. ती आधी योगासनं करायची.

बॅटरी मास्कजवळ धरू नका. धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच होतं. हात लांब, बाजूला करून तिरपा झोत टाका. वस्तू खऱ्या अंतरापेक्षा चतुर्थांश जवळ आणि त्यामुळे मोठ्या दिसतात, म्हणून पहिल्यांदा दोरी पकडताना हात आधीच मिटतो. हसू नका, सगळ्यांचं होतं. हिरव्या पाण्यात रंगांवरही भरवसा नको. लाल तर काही मीटरवरच काळपट दिसू लागतो, म्हणून आम्ही दोरीवर लाल चिंध्यांऐवजी पांढऱ्या बांधतो.

हवेचा हिशोब: बारा लिटरचा सिलिंडर, दोनशे बार म्हणजे चोवीसशे लिटर. पन्नास बार हात न लावायचे. उरलेल्या अठराशे लिटरमध्ये मिनिटाला वीस लिटर घेणारा माणूस दहा मीटरवर दुप्पट, म्हणजे चाळीस लिटर वापरतो. पंचेचाळीस मिनिटं मिळाली. घाबरलेला माणूस त्याच्याही दुप्पट ओढतो. माझी पहिली बुडी अकरा मिनिटांत आटोपली होती.

९. दिसेनासं झालं तर

होणारच आहे. तुमच्या चुकीनं नाही तर पुढच्याच्या.

हालचाल थांबवा. फिन्स बंद. लांब श्वास सोडा. दोरी हातात असेल तर ती सोडू नका. म्हणूनच कमी दिसणाऱ्या दिवशी एक हात कायम दोरीवर असतो. वर कुठं हे कळत नसेल तर बुडबुडे गालावरून कोणत्या बाजूला सरकतात ते जाणवतं, किंवा मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, ते जिकडे साचेल ती खालची बाजू. गेज मास्कला टेकवून वाचा.

जोडीदार हरवला तर एक मिनिट जागीच गोल फिरून शोधा. सापडला नाही तर सावकाश वर या. तोही हेच करत असेल. वर भेटायचं. खाली थांबून शोधत बसणारे दोघेही हवा संपवतात.

काठावरून दोरीनं बांधून उतरवत असाल तर झटक्यांची भाषा आधी ठरवा. आमच्यात एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे आणखी दोरी द्या, तीन म्हणजे वर येतोय, आणि सलग झटके म्हणजे ओढा. दुसऱ्या पथकांत अर्थ वेगळे असतात, म्हणून दर वेळी, ओळखीच्या माणसाबरोबरही, काठावर उजळणी करायची.

वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जलद नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. गढूळ पाण्यात वेग नजरेनं कळत नाही, म्हणून दोरीवर दर मीटरला गाठ असू द्या आणि हाताखालून गाठी मोजत या.

१०. वर आल्यावर

सांधे दुखणं, मुंग्या येणं, अवाजवी थकवा, चक्कर, बोलताना अडखळणं, असं काहीही चोवीस तासांत झालं तर "उन्हामुळे असेल" म्हणू नका. आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या, १०८ ला फोन करा आणि "डायव्हिंग केलं होतं" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण आपल्याकडे ते त्यांच्या डोक्यातही येणार नाही. अशा रुग्णाला दाबकक्ष, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणारी बंद खोली, लागतो. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात तो आहे, यवतमाळहून सातशे किलोमीटरच्या आसपास. तेवढं अंतर डोळ्यांसमोर ठेवूनच आम्ही दहा मीटरची रेष आखली. वर्ग सुरू होण्याआधी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमा आहे का, हेही प्रशिक्षकांना विचारा.

एक बुडी असेल तर बारा तास आणि जास्त असतील तर अठरा तास विमान नाही. हाच नियम घाटालाही लावा. अचलपूरकडच्या खदानीत सकाळी सराव करून संध्याकाळी चिखलदऱ्याला भजी खायला निघालात तर हजार मीटरच्या वर चढता. तो बेत दुसऱ्या दिवशी.

कान गोड्या स्वच्छ पाण्यानं धुवा, अंगावर कुठं खरचटलं असेल तर साबणानं. गुरं उतरतात त्या पाण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना खदानीचं सांगा. सामान सावलीत वाळवा, वेटसूट दोरीवर टाकला की गाव विचारतंच, त्याची तयारी ठेवा.

आणि वही भरा, पाण्यात न उतरलेल्या दिवशीसुद्धा. माझ्या वहीतल्या एका हिवाळ्याच्या ओळी अशा आहेत:

"८ डिसेंबर. थाळी १.२. अंड्याचा वास. मासे वर. सराव रद्द, काठावर गाठी शिकलो.

२९ डिसेंबर. थाळी २.६. समोर तीन मीटर. वजन एक किलो कमी केलं, पाय वर राहिले.

१९ जानेवारी. थाळी ४.१. चौकोनाखालून पहिल्यांदा तळ दिसला. नवीन पोरगा उभा राहिला. नंतर थाळी ०.८."